तीन पदरांचा पुरावा

मी एक जुना टिश्यूपेपरचा रोल आहे. हो, बरोबर वाचलेत, जुना! मित्रांनो, माझ्या जातीत कुणी जुने होत नसते. माझी भावंडे दुकानातून घरी जातात आणि आठवडा संपायच्या आत स्वतःही संपून जातात. कुणी सांडलेले दूध टिपते, कुणी बाळाची हनुवटी पुसते, कुणी आरशावरचे डाग काढते आणि समाधानाने कचऱ्याच्या डब्यात जाते. मी मात्र इतकी वर्षे जगलो, की माझ्या खटल्यात तरुण म्हणून उभा राहिलेला वकील म्हातारा होऊन बसला.

तुम्ही शाळेत मोडक्या खुर्चीचे आणि फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त वाचले असेल. त्या बिचाऱ्यांचे शेवटी एकच रडगाणे असते. आम्हाला जपा हो, आमची आबाळ करू नका हो. माझी आबाळ कुणी केली नाही. मला प्लास्टिकच्या पिशवीत घातले, तिला लाखेची मोहोर लावली, लोखंडी कपाटात ठेवले आणि बाहेर कुलूप घातले. राजाच्या मुकुटालाही इतके जपत नसतील. आणि याच जपण्याने माझा जीव नकोसा झाला. तेव्हा माझी तक्रार उलटी आहे, आणि ती पुरती ऐकवल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका छोट्या कारखान्यात झाला. कारखान्याच्या मालकीणबाईंना सगळा रस्ता 'धाकटी' म्हणत असे, कारण त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तिच्या थोरल्या बहिणीचा मोठा कारखाना होता. थोरलीला सगळे 'ताई' म्हणत. धाकटीकडे एकच यंत्र होते. लगद्याचे पातळ पाणी जाळीवर पसरायचे, निथळायचे, मग तो ओला थर एका मोठ्या तापलेल्या रुळावर चढायचा. रूळ फिरत फिरत त्याला वाळवायचा आणि शेवटी एक लांब पाते त्याला रुळावरून खरवडून काढायचे. त्या खरवडण्याने कागदावर बारीक बारीक सुरकुत्या पडत. मऊपणा म्हणतात तो या सुरकुत्यांतच असतो. असे तीन पदर एकावर एक येत, कडेला ठिपक्यांच्या रुळाखाली दाबले जात आणि पुठ्ठ्याच्या नळीभोवती गुंडाळले जात. माझे बाहेरचे दोन पदर बारीक सुरकुत्यांचे आणि मधला मुद्दाम जाड चुरगळलेला. त्या चुरगळीत हवा राहते, म्हणून मी हाताला गुबगुबीत लागतो. ओला झालो तरी पटकन फाटत नाही.

मी यंत्रावरून उतरलो तेव्हा धाकटीने मला उचलून गालाला लावले आणि म्हणाली, "जमलाय!" मला धन्य वाटले. माझी सारी भावंडे खोक्यांत भरून गाडीत चढली. मला मात्र तिने नमुना म्हणून टेबलामागच्या फळीवर ठेवले. तिने प्रेमानेच ठेवले, पण तेच माझ्या मुळावर आले.

आता भांडण कशाचे, ते सांगतो. ही हकीकत मी कोर्टात दोघी बहिणींच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, की झोपेतही म्हणून दाखवीन. पूर्वी दोघी आपल्या वडिलांच्या कारखान्यात एकाच यंत्रावर काम करत. पाते बोथट झाले की बदलणे हे धाकटीचे काम. एकदा ती विसरली. बोथट पात्याने कागद नीट खरवडला गेला नाही आणि जाडजाड चुरगळून बाहेर आला. ताईने तिची खरडपट्टी काढली. पण माल फेकवेना, म्हणून तिने तो चुरगळलेला कागद दोन चांगल्या पदरांच्या मध्ये लपवून टाकला. आणि काय आश्चर्य! नेहमीपेक्षा जाड, नेहमीपेक्षा मऊ आणि पाण्यात घातला तरी न फाटणारा कागद तयार झाला.

एक पाते बदलायला विसरली नसती तर कागद चुरगळला नसता. दुसरीने तो मध्ये घातला नसता तर तो रद्दीत गेला असता. म्हणजे युक्ती अर्धी हिची, अर्धी तिची. हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण वडील गेल्यावर ताईने त्या कागदाचे पेटंट काढले आणि त्यावर एकटीचे नाव घातले. पेटंट म्हणजे काय, तर ही युक्ती माझी, माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी वापरायची नाही, असा सरकारी शिक्का. "कुणाचं तरी नाव घालायचं होतं, मी थोरली, माझं घातलं," असे ताईचे म्हणणे. "मग माझं घालायला शाई संपली होती का?" असे धाकटीचे. झाले! धाकटी हिस्सा सोडून बाहेर पडली आणि होते नव्हते ते सारे घालून तिने हे यंत्र उभे केले. तसाच तीन पदरी कागद काढू लागली.

ताईने दावा लावला. पेटंटात लिहिले होते की तीन पदर, मधला जाड चुरगळलेला, आणि तिन्ही मिळून ठरावीक दाबाखाली अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त जाडी. धाकटी म्हणाली, माझा कागद अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ आहे, तो तुझ्या पेटंटात बसतच नाही. आता नीट ध्यानात ठेवा. मी अर्धा मिलिमीटर भरलो, तर धाकटीचे यंत्र उचकटून भंगारात जाणार. मी कमी भरलो, तर यंत्र राहणार. ते यंत्र गेले असते तर धाकटीकडे दुसरे काहीच उरले नसते. एवढा मोठा निवाडा कुणावर टाकला? तर ज्याने जन्मात कुणाचे साधे तोंडही पुसले नव्हते, त्या माझ्यावर!

कोर्टाचा माणूस कारखान्यात आला तेव्हा सगळा माल गेलेला होता. फळीवर मी एकटाच दिसलो. त्याने मला पिशवीत घातले, मोहोर लावली आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'पुरावा. हाताळू नये.' पुढे दुसरा रोल आणावा असे कुणी म्हटले की हा वकील म्हणे, तो मुद्दाम पातळ काढलेला आहे. तो वकील म्हणे, हा मुद्दाम जाड काढलेला आहे. एकमत फक्त माझ्यावर झाले. आणि 'हाताळू नये' लिहिलेल्या वस्तूला हात लावल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही हे मला तेव्हा समजले. ताईच्या वकिलाने मला पिशवीवरूनच दाबले. धाकटीच्या वकिलाने दाबले. न्यायाधीशांनीही चष्मा कपाळावर चढवून दाबले. ज्याची जाडी मोजायची, त्यालाच सगळ्यांनी मिळून आधी चेपले. याला काय म्हणावे?

मग वादविवाद सुरू झाले. मऊ म्हणजे किती मऊ, यावर पहिली सगळी सकाळ गेली.

"साहेब, हा कागद मऊ नाही, केवळ सैल आहे," धाकटीचा वकील म्हणाला.

"सैल? मऊ नसता तर यांच्या पक्षकार तो गालाला लावून का बघत होत्या?" ताईचा वकील म्हणाला.

"गाल हे मोजमापाचं साधन नव्हे, साहेब!"

न्यायाधीशांनी डोळे मिटून घेतले. मलाही डोळे असते तर मीही मिटले असते. शेवटी त्यांनी हुकूम दिला की मऊपणा राहू द्या, आधी जाडी मोजा.

मला प्रयोगशाळेत नेले. तिथले यंत्र अगदी साधे असते. खाली सपाट पाया, वरून एक गोल चकती हळूच उतरते, ठरलेला भार देते आणि काट्यावर आकडा दिसतो. एक तुकडा ठेवून भागत नाही, एकावर एक तुकड्यांची गड्डी ठेवावी लागते. त्यांनी मोहोर फोडली, माझे बाहेरचे वेटोळे उलगडले, तुकडे फाडले, एकदोन चिमट्यात धरून ताणून पाहिले, गड्डी रचली आणि मोजली. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त! ताई जिंकली. धाकटीच्या यंत्राला कुलूप लागले आणि कुलपाला सील.

इथे मित्रांनो, तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना माझा संताप पुन्हा वर येतो, पण इलाज नाही. रोल म्हणजे काय? नळीभोवती गुंडाळलेला कागद. नळीजवळचे वेटोळे घट्ट बसतात, आणि वरून सगळ्या रोलाचा दाब त्यांच्यावर येतो. बाहेरचे वेटोळे सैल असतात. म्हणून बाहेरचा कागद फुगीर राहतो, आतला दबून पातळ होतो. तोच कागद, तेच तीन पदर, त्याच दिवशी त्याच यंत्रावर निघालेला! पण बाहेर मोजलात तर एक जाडी, आत मोजलात तर दुसरी. पेटंटात सगळे लिहिले होते. पदर किती, दाब किती, खोलीतली हवा किती दमट. फक्त रोलाच्या कुठल्या भागातला तुकडा घ्यायचा, एवढेच लिहायचे राहून गेले होते.

पुढे काय झाले असेल ते आता तुम्हीच ओळखा. धाकटीने वरच्या कोर्टात दाद मागितली. वरच्या कोर्टाने वेगळी प्रयोगशाळा नेमली. त्या लोकांनी पहिल्यांनी जिथे सोडले होते तिथून पुढचे तुकडे घेतले. आता ते तुकडे आतले, म्हणजे जरा दबलेले. आकडा अर्ध्या मिलिमीटरच्या खाली आला. धाकटी जिंकली! यंत्राचे सील काढायचा हुकूम निघाला. तो कारखान्यात पोहोचेपर्यंत ताईच्या वकिलाने त्यावर स्थगिती आणली, आणि सील जिथल्या तिथे राहिले. पुन्हा मोजणी. आता तुकडे आणखी आतले. आकडा आणखी खाली.

मग जी चिखलफेक झाली ती विचारू नका. ताईचा वकील म्हणाला, रोल बदलला आहे. धाकटीचा म्हणाला, पहिली मोजणीच खोटी होती. पहिली प्रयोगशाळा दुसरीला अडाणी म्हणाली, दुसरी पहिलीला विकाऊ म्हणाली. एका विद्वानाने 'कागदाचे वार्धक्य' या विषयावर भाषण दिले आणि माझी जाडी वयाने झडत चालली आहे असे सिद्ध केले. मी पिशवीत तडफडत होतो. अहो, मी म्हातारा होऊन झिजत नाही, तुम्ही मला बाहेरून आत सोलत चालला आहात! कांद्याचा पापुद्रासुद्धा वरचा मोठा आणि आतला लहान असतो, म्हणून दोन कांदे होत नाहीत! पण पुराव्याला तोंड नसते. त्याच्याविषयी सगळे बोलतात, त्याला कुणी विचारत नाही.

तारखांच्या मधल्या काळात मी कोर्टातल्या कपाटात पडून असे. कपाटाबाहेर एक बाक होता आणि त्यावर दोन माणसे नेहमी येऊन बसत. एक ताईचा नवरा, एक धाकटीचा. दोघी बहिणी एकमेकींचे तोंड बघत नव्हत्या, पण साडू साडू मात्र एक चहा घेऊन दोन कपांत ओतत. धाकटीचा नवरा ताईच्या नवऱ्याला जुन्या सवयीने 'दादा' म्हणे.

"ही रोज सकाळी जाऊन यंत्रापुढे बसते, दादा. सील आहे, हात लावता येत नाही. नुसती बघत बसते. रूळ गंजतोय म्हणते."

"आमच्याकडे काय वेगळं आहे? जिंकल्याच्या दिवशी जेवली नाही, हरल्याच्या दिवशीही जेवली नाही. म्हटलं, नक्की हवंय काय तुला?"

"मग तुम्ही सांगा ना ताईंना, मिटवा म्हणून."

"मी? माझं कोण ऐकतंय घरात? तू सांग की तुझ्या बायकोला."

"मी सांगितलं होतं."

"मग?"

"आठवडाभर माझ्याशी बोलली नाही."

दोघे सुस्कारा टाकत आणि चहा संपवत. भल्या माणसांनो, तुम्ही दोघे जरी घरी जाऊन एकदा मोठ्याने ओरडला असतात तरी माझी सुटका झाली असती! पण नाही. दोघेही गरीब गाय. कप विसळून आणून देत आणि पुढच्या तारखेला भेटू म्हणत.

एक गोष्ट मात्र मला खटकत असे. कोर्टात मला टेबलावर ठेवले की सगळे माझ्याकडे टक लावून बघत. त्या दोघी मात्र कधी बघत नसत. ताई खिडकीकडे बघे, धाकटी आपल्या नखांकडे. मला वाटे, बिचाऱ्यांना माझी दया येत असावी. किती भाबडा होतो मी!

अखेर न्यायाधीशांचाही संयम सुटला. त्यांनी हुकूम काढला की एकच शेवटची मोजणी, दोघींच्या डोळ्यांसमोर, कुणाशीच लागेबांधे नसलेल्या प्रयोगशाळेत. जो आकडा येईल तो सगळ्यांवर बंधनकारक. पुन्हा दाद नाही, स्थगिती नाही. तोवर मी अगदी बारीक झालो होतो. नळीवर शेवटचे वेटोळे राहिले होते. गड्डीला जेवढे तुकडे लागतात तेवढेच मोजून निघत होते, आणि त्याखाली नळीला डिंकाने चिकटलेले एकदोन, जे मोजणीला चालत नाहीत.

त्या प्रयोगशाळेत एक काचेची खोली होती. तिथली हवा सतत सारखी ठेवलेली असते, ना जास्त दमट, ना जास्त कोरडी, आणि चांगली गार. तुकडे आदल्या दिवशीच फाडून जाळीवर पसरून ठेवले होते, म्हणजे ते त्या हवेला सरावतात. जास्त माणसे आत आली की श्वासाने हवा दमट होते. म्हणून तपासणीस बाईंनी सांगितले, "आत फक्त मी आणि या दोघी. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं." दोन्ही वकील काचेला नाक लावून उभे राहिले. ते ओठ हलवत होते, हातवारे करत होते, पण आवाज आत येत नव्हता. सगळ्या खटल्यात मला मिळालेली पहिली शांतता ती.

बाई चकतीची मापे जुळवत होत्या. ताई आणि धाकटी दोन स्टुलांवर बसल्या होत्या. ताईने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. आणि मग ती बोलली. कुणाशी, ते सांगणे अवघड आहे, कारण तिने मान वळवली नव्हती.

"नळीजवळचा आहे हा."

"हं," धाकटी म्हणाली.

"नळीजवळचा दबलेलाच भरणार."

"आणि पहिल्यांदा मोजला तो? तो अगदी वरचा होता. फुगलेला. तेव्हा नाही तोंड उघडलंस."

"दुसऱ्या वेळी तू तरी कुठे उघडलंस?"

धाकटीने आपल्या नखांकडे पाहिले. मग म्हणाली, "वकिलांनी सांगितलं होतं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

"मलाही तेच सांगितलं होतं."

"बाबा काय सांगायचे, आठवतं?"

"नमुना घ्यायचा तर रोलाच्या मधला घ्यायचा," ताई म्हणाली. "वरचा फुगतो, आतला दबतो."

मित्रांनो, मी त्या जाळीवर पडल्या पडल्या पेटून उठलो नाही, एवढेच आश्चर्य. दोघींना माहीत होते! पहिल्या दिवसापासून माहीत होते! ज्या गोष्टीसाठी मी वर्षानुवर्षे पिशवीत कोंडून ओरडत होतो, ती या दोघींना लहानपणापासून पाठ होती. मी समजत होतो की जग अडाणी आहे. अडाणी असते तर मी माफही केले असते. पण आकडा आपल्या बाजूने पडला की ही गप्प, तिच्या बाजूने पडला की ती गप्प. तिकडे यंत्र गंजत होते, इकडे मी सोलला जात होतो, आणि बाकावर दोन भले गृहस्थ चहा पिऊन पिऊन पित्त वाढवून घेत होते. आणि तो मधला कागद, जो खरे काय ते सांगू शकला असता, तो केव्हाच मोजून, ओढून, फाडून केराच्या टोपलीत गेला होता. तो किती भरला असता असे मला कुणी विचारू नये. मी सांगणार नाही. पुन्हा खटला सुरू व्हायचा.

"आता आकडा कमीच येणार," ताई म्हणाली. "तू जिंकलीस."

"असलं जिंकणं काय चाटायचंय? पहिल्याच दिवशी मधला तुकडा काढला असता तर..." आणि धाकटी सटकन शिंकली.

"शिंकू नका हो!" तपासणीस बाई ओरडल्या. "इथली हवा बिघडते!"

गार खोलीत धाकटीचे नाक नेहमीच वाहते म्हणे. लहानपणापासूनचे आहे ते. ती पर्समध्ये चाचपडू लागली. रुमाल सापडेना. दुसरी शिंक आली. नाक गळू लागले. डोळ्यांतूनही पाणी येत होते, ते सगळेच शिंकेचे नव्हते.

"आधी नाक पूस," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम वेगळाच झाला होता, घरातला. तिने हात लांब केला, जाळीवरचा सगळ्यात जवळचा तुकडा उचलला, त्याची दुहेरी घडी केली आणि धाकटीच्या नाकाला लावली. "शिंकर."

धाकटीने शिंकरले. चांगले जोरात शिंकरले.

बाहेर दोन्ही वकील काचेवर दोन्ही हातांनी थापा मारू लागले. तपासणीस बाई डोळे विस्फारून बघत राहिल्या.

"अहो बाई, तो पुरावा होता!"

"माहीत आहे."

"आता गड्डी पुरी होत नाही. मोजताच येणार नाही. दावा तुमचा आहे ना? तुमच्याच हातानं..."

"मग काय, तिचं नाक तसंच गळू द्यायचं?" ताई म्हणाली.

तिने ते सवयीने केले की समजून उमजून, हे मला आजही ठरवता येत नाही. मोजणी झाली असती तर ताई हरलीच असती, म्हणून तिने मुद्दाम पुरावा संपवला, असे तिचा वकील पुढे सगळ्यांना सांगत असे. मला तसे वाटत नाही. पण मी त्या वेळी विचार करायच्या स्थितीत नव्हतो. मित्रांनो, त्या क्षणी मी जन्मात पहिल्यांदा कामाला आलो होतो! चकतीखाली दबून नव्हे, चिमट्यात ताणून नव्हे. एका माणसाच्या नाकाला लागलो होतो. मी पार भिजलो, पण फाटलो नाही. ज्या गुणासाठी एवढे रामायण झाले, तो गुण खरोखर कुणाच्या उपयोगी पडला. मला रडू आले असते, पण ते टिपायला मीच लागलो असतो.

धाकटीने तुकडा नाकावरून काढला, बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाली, "मऊ आहे गं."

"असणारच. मधला पदर घालायचं कुणाला सुचलं होतं?"

"आणि पातं कुणाचं बोथट होतं?"

"विसरलीस ते अभिमानानं सांगतेस?"

आणि दोघींची तिथेच जुंपली. तपासणीस बाईंनी दोघींना हाताला धरून बाहेर काढले.

न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला. दावा लावणाऱ्या बाईंनी स्वतःच्या हाताने पुरावा संपवला, तेव्हा दावा निकाली काढण्यात येत आहे, असे त्यांनी सांगितले. सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता असे मला वाटले. धाकटीच्या यंत्राचे सील निघाले.

पण म्हणून सगळे गोडगोड झाले असे समजू नका. रुळावर गंजाचे डाग पडले होते. घासून घासून धाकटीचे हात सोलवटले, तरी पहिले कितीतरी दिवस तपकिरी ठिपक्यांचा कागद निघत होता आणि तो सगळा फेकावा लागला. ती वाया गेलेली वर्षे कुणी परत दिली नाहीत. एके सकाळी ताई कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवून यंत्राकडे बघत म्हणाली, "पातं बदललंस का?" धाकटी वळूनही न बघता म्हणाली, "तूच बदल." ताईने पर्स फळीवर ठेवली आणि बाह्या वर केल्या. त्या दिवसापासून ती मधूनमधून येते. दोघी बोलतात त्या भांडूनच. पेटंटावर नाव अजून एकटीचेच आहे आणि तो विषय निघाला की दोन्ही साडू उठून बाहेर जातात.

मला 'वस्तू परत' म्हणून धाकटीकडे पाठवण्यात आले. तिने मला पुन्हा त्याच फळीवर ठेवले. मला वाटले, झाले, पुन्हा तेच! पण या वेळी ताई म्हणाली, "तिथे कशाला ठेवतेस? खिळ्याला अडकव, हाताशी राहील." मोजणीतून उरलेले तुकडे तिथेच शेजारी ठेवले होते, ते बघता बघता संपले. एकाने ताईच्या नवऱ्याच्या शर्टावरचा चहा टिपला. एक वंगणाच्या हाताला लागला. एक उगाचच गेला, कुणीतरी त्यात च्युइंगगम गुंडाळून टाकले. मी त्याचेही वाईट वाटून घेतले नाही.

म्हणून माझे शेवटचे मागणे ऐका. मित्रांनो, जी वस्तू जपून ठेवायची ती जरूर जपा. पण जी वापरायची, ती वापरा. तिच्यासाठी भांडू नका, तिला पिशवीत घालून मोहोर लावू नका, ती कुणाची हे ठरवताना ती कशासाठी केली हे विसरू नका. आणि ज्या गोष्टीचे उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे, ती दुसऱ्याने विचारायची वाट बघत बसू नका. मी ती वाट बघण्यातच झिजलो.

आता माझ्याजवळ फारसे काही उरलेले नाही. पुठ्ठ्याची नळी आहे आणि तिला डिंकाने चिकटलेला शेवटचा एक तुकडा. तो पातळ आहे, दबलेला आहे, कुठल्याच मोजणीला चालला नाही. तुमच्यापैकी कुणाचे नाक गळत असेल तर ओढून घ्या. थोडा फाटेल, पण चालेल.